बिग, बेग, बॅग

मला अजूनही मोकळेपणानं जांभई देता येत नाही. जांभई आली की आधी हात कानाखाली जबड्याच्या सांध्याशी जातो, आणि तोंड किती उघडतंय ते बोटांना कळेपर्यंत जांभई निघून गेलेली असते. घरातल्यांना वाटतं ही म्हातारीची शिस्त. माझी सून पाहुण्यांना कौतुकानं सांगतेसुद्धा, की आमच्या आई चारचौघांत कधी जांभई देत नाहीत. शिस्त कसली डोंबलाची, भीती आहे ती. ती कुठून आली हे सांगायचं तर मला माझ्या इंग्रजीबद्दल सांगावं लागेल, कारण त्या दोन गोष्टी माझ्यात एकाच महिन्यात शिरल्या आणि पुढे कधी वेगळ्या झाल्या नाहीत.

आमचं गाव बोरी अरबपासून कोसभर आत. घर म्हणजे पुढे ओसरी, मधे स्वयंपाकाची खोली, मागे गोठा आणि बाजूला एक लांबट खोली. त्या खोलीला वर्षातले चार महिने आम्ही कापसाची खोली म्हणायचो. वेचणी सुरू झाली की तिथे कापूस येऊन पडायचा आणि विकेपर्यंत थेट आढ्यापर्यंत चढत जायचा. ज्यांनी अशा घरात दिवस काढले नाहीत त्यांना सांगून पटणार नाही, पण कापूस घरात असला की घराचा आवाजच बदलतो. भांडं पडलं तरी खण्णकन वाजत नाही. बाबा ओसरीवर खाकरले तर आत ऐकू येत नाही. कापसाच्या खोलीत शिरून दार लोटलं तर आपण मोठ्यानं ओरडावं आणि आपल्यालाच बारीक ऐकू यावं. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, पण मला ती खोली आवडायची. तिथे पुंडलिक आणि मी उड्या मारायचो.

पुंडलिक माझा धाकटा भाऊ. मी ज्या महिन्याचं सांगतेय त्याच्या दोन वर्षं आधी तो गेला, सात वर्षांचा होऊन. पायात पऱ्हाटीचं खुंट घुसल्याचं निमित्त झालं. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कापतात, पण जमिनीतून वीतभर खुंटं वर राहतात, तिरपी आणि टोकदार. त्या वावरात अनवाणी जायचं नाही हे पोरांना उठता बसता सांगितलेलं असतं, आणि पोरं जातातच. जखम बारीक होती, चार दिवसांत ती विसरलीही गेली. मग धनुर्वात झाला. तो शब्द आज मी किती सहज लिहिला. आमच्या घरात त्यानंतर तो कुणी उच्चारला नाही. 'त्या रोगानं' म्हणायचे. माय तर तेवढंही म्हणत नसे. ती काम करत राहायची. पहाटे शेण, पाणी, मग जाडजूड भाकरी थापायची, अंबाडीची भाजी नाहीतर चून म्हणजे पिठलं, वर लसणाचा ठेचा. आधी तिचा हात फार चालायचा. चुलीजवळून लाकूड उचलून पाठीत घालायला तिला वेळ लागत नसे. पुंडलिक गेल्यापासून तिनं मला बोटही लावलं नव्हतं, आणि त्याचं कारण मला माहीत नव्हतं.

बाबांनी मला बोरीच्या मिडल शाळेत घातलं तेही त्यानंतरच. वर्गात आम्ही तिघी मुली आणि तीस एक मुलगे. इंग्रजीला देऊळकर मास्तर होते. अंगानं काडीपैलवान, पण वर्गात आले की मागच्या बाकाची कुजबूज आपोआप थांबायची. ते छडी मारत नसत. त्यांचं वेड निराळं होतं. ते स्वतः ट्रेनिंगला अमरावतीला गेले होते तेव्हा त्यांच्या 'ब्याग'ला शहरातली मुलं पोट धरून हसली होती म्हणे. ते हसू त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. आपल्या हाताखालून गेलेलं एकही पोर पुढे कुठे ब्याग, क्याट, म्याट म्हणणार नाही, असा त्यांनी पणच केला होता.

"अरे, ब्याग नाही रे बापा!" ते कपाळाला हात लावून म्हणायचे. "इंग्रज मेला तरी ब्याग म्हननार नाही. तोंड उघडा! तोंड न उघडता बोलायची सवय लागली आपल्याले. हे पाच लहान स्वर हायेत. लहान म्हंजे झटकन तोडाचे. लांबवले का गेले." आणि मग फळ्यावर एकाखाली एक पाच शब्द लिहून ते म्हणायला लावायचे: बिग, बेग, बॅग, बॉग, बग. शब्दांचे अर्थ त्यांनी एकदाच सांगितले. मोठा, भीक मागणे, थैली, दलदल आणि किडा. त्या पाचांचा एकमेकांशी काय संबंध असा प्रश्न आम्हाला पडला नाही. इंग्रजीत असंच असणार असं आम्ही धरून चाललो.

तोंड किती उघडायचं याचं मास्तरांनी माप काढलं होतं. ज्वारीच्या वाळक्या धांड्याचे तीन तुकडे त्यांच्या कोटाच्या खिशात दोऱ्यात ओवलेले असत. सगळ्यात बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तो 'बिग'चा. एक बोटभर जाडीचा 'बेग'चा. आणि दोन बोटांचा मोठा तुकडा 'बॅग'चा. तुकडा समोरच्या दातांत उभा धरायचा, जबडा तेवढा उघडा ठेवून तुकडा हळूच काढून घ्यायचा आणि शब्द म्हणायचा. 'बॉग'ला तेवढंच तोंड, पण ओठ गोल. 'बग'ला काही नको, तोंड सैल सोडायचं. आज मी भाषाशास्त्राची चार पुस्तकं वाचून सांगते, मास्तरांचं माप जवळजवळ बरोबर होतं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी आरशासमोर बसून शोधलं होतं.

मुलांना आठवडाभरात जमलं. मला जमेना. आमच्याकडे पोरींनी दात दाखवून हसलेलं चालत नसे, आणि मी तर दोन वर्षं अशा घरात वाढत होते जिथे हसण्याचा प्रश्नच नव्हता. तोंड उघडायचं म्हटलं की जबडा अर्ध्यावर अडायचा आणि ब्यागच बाहेर पडायची. मास्तरांनी मला मोठा तुकडा दातांत देऊन फळ्याशी उभं केलं. एक तास. लाळ हनुवटीवरून परकरावर गळायला लागली आणि मला ती पुसताही येईना, कारण हात मागे बांधायचे होते. पोरं हसत होती. मला एवढी भीती वाटली की मी डोळे मिटून घेतले. तास संपल्यावर मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शांता, दिपोटी साहेब येनार हायेत तपासनीले. त्याहीच्यासमोर तू उभी राह्यली पायजे. घरी आपल्या वावरातला धांडा घे, या मापानं काप. रोज शंभर वेळा म्हन." त्यांचा आवाज प्रेमाचाच होता, पण दिपोटी साहेब म्हणजे शाळा तपासायला येणारे मोठे अधिकारी, त्यांच्यासमोर ब्याग चालणार नव्हती.

आमची कडब्याची गंजी वावरात होती. बाजाराचा दिवस होता, माय आणि बाबा बोरीला गेले होते. मी धांडा आणायला निघाले. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. वहाण हातात घेतली आणि बांधावरून वळसा घालण्याऐवजी कापलेल्या पऱ्हाटीतून सरळ निघाले. चार पावलंसुद्धा गेले नसेन, टाचेजवळ काहीतरी आत शिरलं. दुखलं नाही आधी. खाली पाहिलं तर खुंट तळव्यात होतं. पाय वर ओढला, रक्त आलं, आणि मी तिथेच मटकन बसले. मला पुंडलिक दिसला. अगदी याच वावरात, याच महिन्यात. मी विहिरीवर जाऊन पाय धुतला, घरी येऊन हळद कोंबली, चिंधी बांधली आणि ती झाकेल एवढा परकर खाली ओढला. हे सगळं करताना धांडा मात्र काखेत होता, तो मी सोडला नव्हता.

मायला का सांगितलं नाही, याचा मी पुढे कितीदा विचार केला. बिब्बा तापवून जखमेवर लावतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती तिच्या चेहऱ्याची होती. ते खुंट माझ्या पायात गेलंय हे कळल्यावर तो चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं. आपण बोललो नाही तर झालेलं झालंच नाही असं होतं, एवढीच माझी अक्कल. वय बारा.

त्या दिवसापासून मी कापसाच्या खोलीत दार लोटून बसू लागले. धांड्याचे तुकडे कापले. कापसात पाठ टेकून, बाबांचा दाढीचा आरसा मांडीवर घेऊन म्हणायचे: बिग, बेग, बॅग. शंभराचे दोनशे केले, कारण मोजण्यात लक्ष असलं की पायाकडे जात नसे. कापूस सगळा आवाज पिऊन टाकायचा. तिसऱ्या दिवशी कानाखाली ठणका सुरू झाला. मला वाटलं शिकताना दुखणारच. चौथ्या दिवशी आरशात पाहत 'बेग'साठी ओठ ताणले, दात दिसले, गाल दोन्हीकडे ओढले गेले, आणि आरशात पुंडलिक होता. शेवटच्या दोन दिवसांत त्याचं तोंड असंच झालं होतं. तो हसतोय असं वाटायचं, आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मी आरसा पालथा टाकला आणि कापसात तोंड खुपसून पडून राहिले. किती वेळ ते आठवत नाही.

पाचव्या सकाळी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि तोंड उघडेना. एक बोट जाईल एवढी फट, बस. मी जोर लावला तर कानात कळ गेली. मला आठवलं, पुंडलिकचंही पहिलं हेच होतं. त्यानं भाकर बाजूला सारली होती. म्हणजे मी आता चार दिवसांत मरणार. हा विचार मला स्पष्ट शब्दांत आला. मी भाकर दुधात कुस्करली आणि बोटांनी थोडी थोडी आत ढकलू लागले.

"काहून वं, आज दुधात कुस्करून खाऊन राह्यली?" माय चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"असंच."

ती वळली. माझ्याकडे पाहत राहिली. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही.

"तोंड उघड."

"माय, काई नाई झालं."

"तोंड उघड म्हनलं ना."

मी उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. तिनं पिठाचं बोट माझ्या दातांत घातलं. दुसरं घालायला गेली, ते जाईना. तिनं मला काय लागलं, कधी लागलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पाय दाखव." कोणता तेही मीच दाखवायचं होतं. मी चिंधी सोडली. मायनं जखम पाहिली, उठली, आणि ओसरीकडे जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "अवो, दमनी जुपा. दारव्ह्याले जा लागते."

बाबांनी दमणीला बैल जुंपले. नंतर त्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या आणि ओसरीवर ठेवून दिल्या. ते का केलं हे मला कळलं. त्या रोगात आवाज सोसत नाही. भांडं पडलं तरी पुंडलिकचं अंग धनुष्यासारखं वाकायचं. घुंगरांशिवाय आमची दमणी दारव्ह्याच्या रस्त्यानं निघाली. सगळी वाट मायनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि हात जबड्यावर ठेवला होता. मी वाट बघत होते की ती आता मारेल. पाय लपवला, पाच दिवस खोटं वागले, पूर्वी एवढ्यासाठी तिनं मला झोडपून काढलं असतं. तिनं हात उगारला नाही. उलट उन्हाची तिरीप माझ्या डोळ्यांवर आली तेव्हा तिनं पदर आडवा धरला. माय मारत नाही, म्हणजे मी मरणारच, असा मी त्याचा अर्थ लावला, आणि त्या पदराखाली डोळे मिटून घेतले.

दारव्ह्याचे डॉक्टर म्हातारे आणि सावकाश होते. त्यांनी जखम दाबली, मान वाकवून पाहिली, पोटावर हात ठेवला. "मान तर मोकळी आहे," ते स्वतःशी म्हणाले. "काही कडक चावलं होतंस का? दाढ दुखते का?"

मी मान हलवली. मग मायकडे न बघता म्हटलं, "इंग्रजी."

"काय?"

मी परकराच्या खिशातून धांड्याचे तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि रडत रडत सगळं सांगितलं. मास्तर, माप, कापसाची खोली, दोनशे वेळा. डॉक्टर ऐकत राहिले, मग त्यांना हसू आलं, आणि मायच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर ते आवरलं. त्यांनी मोठी सुई टोचली. मग बाबांना म्हणाले, "हे बघा, जबडा त्या कसरतीनं धरला असेल. मला तेच वाटतं. पण जखम खरी आहे, आणि तुमच्या घरात एकदा झालेलं आहे. मी छातीठोक सांगणार नाही. पंधरा दिवस जाऊ द्या. घरी शांत ठेवा, मऊ खायला द्या. रोज सकाळी तोंड उघडून बघा. दिवसेंदिवस जास्त उघडत गेलं तर इंग्रजी. कमी होत गेलं तर लगेच घेऊन या."

तेवढंच. इंग्रजी की मरण, ते पंधरा दिवसांत कळणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून माय रोज उजाडताच मला ओसरीवर समोर बसवू लागली. चूल पेटवायच्या आधी, तोंड धुवायच्याही आधी. पहिले दोन दिवस तिनं बोटं घालून पाहिलं. एक बोट. एक बोट. मी रोज सकाळी जागी झाले की डोळे मिटून पडून राहायचे, तोंड उघडून बघायची छाती व्हायची नाही. रोज तेवढी पाच मिनिटं मी मेलेली असायचे. मग "शांते" अशी हाक यायची.

तिसऱ्या दिवशी देऊळकर मास्तर आले. कुणीतरी बोरीत सांगितलं होतं. टोपी हातात, चेहरा उतरलेला, ओसरीच्या कडेवर टेकले आणि बाबांच्या नजरेला नजर देईनात. आपल्या धांड्यानं पोरगी मेली असं त्यांनी वाटेत धरूनच टाकलं असावं. बाबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. मायनं मात्र डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि परक्या पुरुषाशी कधी बोलत नसे तितकं एका दमात बोलली.

"मास्तर, तुमचे ते शब्द मले शिकवा."

"अं? तुमाले?"

"कोनत्या शब्दाले तोंड किती उघडते ते मले समजलं पायजे. बोटं घातली का तिले दुखते. तिनं शब्द म्हनला अन् मले दिसलं, का आज काल्हीपेक्षा जास्त उघडलं. तुमाले दिसते ना? मग मले बी दिसलं पायजे."

मास्तरांनी मायला इंग्रजी शिकवलं. आमच्या ओसरीवर, बाबांसमोर, तासभर. मास्तर खाली मान घालून सांगत होते आणि माय पदराआड म्हणत होती: बिग, बेग. 'बॅग'ला अडली. मास्तर म्हणाले, "माय, पदर... म्हंजे मले दिसत नाही." मायनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. तिनं पदर बाजूला केला, तोंड चांगलं उघडलं आणि म्हणाली, "बॅग." स्वच्छ, आखूड, जसा पाहिजे तसा. तीस पोरांच्या वर्गात मास्तरांना तसा मिळाला नसेल. त्यांचे डोळे भरून आले. तिला मात्र त्याचं काही नव्हतं. शब्दाचा अर्थ तिनं त्या दिवशी विचारला नाही आणि पुढेही कधी विचारला नाही.

मग रोज सकाळी तसं सुरू झालं. ती म्हणायची, मी म्हणायचे. तिची नजर माझ्या दातांवर. 'बिग' सोपा होता, त्याला फट पुरत होती. 'बेग' पाचव्या दिवशी नीट आला. 'बॅग'ला मी थांबले की तिचाही श्वास थांबायचा. तिच्या तोंडाकडे बघत बघतच मी ते शिकले. तिची जीभ कुठे टेकते, खालचा ओठ कसा उतरतो. आता कवळी बसवताना दातांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, तोंड फार छान उघडता हो तुम्ही." मी म्हटलं, शिकवणी चांगली होती.

सातव्या आठव्या दिवशी दीड बोट उघडायला लागलं. मायनं बाबांना हाक मारून दाखवलं. घरात कुणी हसलं नाही, पण त्या दिवशी तिनं माझ्यासाठी गुळाचा शिरा केला आणि स्वतःही जेवली. आणि मग नववी सकाळ आली. मी म्हणायला गेले, आणि जबडा हलेना. पुन्हा एक बोटाची फट. त्याहूनही कमी. रात्री गार वारा होता, मी एका कुशीवर जबडा दाबून झोपले होते, हे आज समजतं. तेव्हा आम्हा दोघींना एकच समजलं.

"म्हन," माय म्हणाली.

"उघडत नाई, माय."

"म्हन वं माय. बॅग म्हन."

मी मान हलवली. मायचा चेहरा पांढरा पडला. तिनं बाबांना हाक मारली नाही. माझे दोन्ही हात धरून ती एकदम बोलायला लागली, माझ्याशी की कुणाशी ते कळेना.

"पुंडलिकनं भाकर सारली तवा मले वाटलं का पोरगं हट्ट करून राह्यलं. गोड पायजे असंन म्हनून. म्या म्हनलं खाय. त्याचं तोंड उघडेना. तवा म्या त्याले मारलं. थोबाडीत मारलं वं, शांते, अन् तोंडात भाकर कोंबली. तो काहीच बोलला नाई. माह्याकडे पाहत राह्यला. त्याले सांगता येत नव्हतं, अन् म्या मारलं." तिनं माझे हात आणखी घट्ट आवळले. "मले सांग आता. तुले जे होते ते मले सांग. म्या काई करनार नाई. म्या तुले हात लावनार नाई."

मी आयुष्यात पुष्कळ भ्याले. बाळंतपणात भ्याले, नवरा दवाखान्यात असताना भ्याले. पण त्या सकाळी मी स्वतःच्या मरणाला भीत होते ते विसरून तिला भ्याले. ती माझ्यादेखत मोडून पडेल असं वाटलं. मी डोळे मिटले, हाताच्या मुठी केल्या आणि जबडा खाली ओढला. कानात कट्ट असा आवाज झाला. कळ थेट डोक्यात गेली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला. "बॅग." मोठ्यानं, लहान, मधेच तुटलेला. ब्याग नव्हे. मायनं एक बोट घातलं, दुसरं घातलं. दोन्ही मावली. "आनखी म्हन," ती म्हणाली. मी म्हणत राहिले, ती माझ्याबरोबर म्हणत राहिली. बाबा गोठ्यातून धावत आले, तर आम्ही दोघी ओसरीवर समोरासमोर बसून रडत रडत बॅग बॅग म्हणत होतो.

त्यानंतर रोज थोडं जास्त उघडत गेलं. तरी भीती गेली नाही. अकरावा, बारावा, तेरावा. दिपोटी साहेब येऊन गेले, मला काही वाटलं नाही. मी सकाळ मोजत होते. पंधराव्या दिवशी मला वाटलं संपलं, पण माय म्हणाली, "आज धरू नोको. आज पुरा जाऊ दे."

सोळाव्या सकाळी तिनं मला ओसरीवर बसवलं. ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं, बाबा बैलांना पाणी पाजत होते. "म्हन," ती म्हणाली. मी पाचही म्हटले. बिग, बेग, बॅग, बॉग, बग. तिनं 'बॅग' पुन्हा म्हणायला लावला. मग तीन बोटं एकावर एक उभी धरून माझ्या दातांत घातली. मावली. पाय मांडीवर घेतला, टाच दाबून पाहिली. खपली पडून खाली गुलाबी कातडी आली होती. मान मागे पुढे करून पाहिली. पुन्हा एकदा जबड्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. तिनं एक मोठा श्वास सोडला आणि उभी राहिली.

"पाय लपवते वं?" ती म्हणाली. "माह्यापासून पाय लपवते?"

आणि तिनं मला सणसणीत थोबाडीत मारली. दोन वर्षांत पहिली. मी ओसरीवर आडवी झाले. कान झणझणला, गालावर पाचही बोटं उठली. बाबांच्या हातातली बादली तशीच राहिली. माय माझ्यावर वाकून उभी होती, हात अजून उगारलेला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मायनं मला मारलं होतं. म्हणजे मी आता मरणार नव्हते. हे कळलं तशी मी तोंड होतं तेवढं सगळं उघडलं आणि भोकाड पसरलं.